पहिल्या वेचणीचा कापूस

भाजीवाल्या बाईने कोथिंबिरीची जुडी हातात दिली की मी दोरा सोडून आतली पानं बघतो. बाहेरून हिरवीगार आणि आत पिवळी, हा प्रकार मला चांगला ठाऊक आहे. म्हणूनच बायको माझ्यासोबत बाजारात येत नाही. तिचं म्हणणं, तुमच्याबरोबर गेलं की भाजी कमी आणि भांडणं जास्त घरी येतात. येऊ देत. मला या स्वभावाची लाज वाटत नाही. आदिलाबादच्या पॉलिटेक्निकात वस्तूंची ताकद मोजायची प्रयोगशाळा मी सांभाळतो, म्हणजे सरकार मला संशय घेण्याचाच पगार देतं. सळई आली की ओढून तोडायची, काँक्रीटचा ठोकळा आला की दाबून फोडायचा. आणणारा जे सांगतो ते ऐकून घ्यायचं आणि मशीन जे सांगतं ते लिहायचं.

स्वभाव बापाचा. तो लोकांच्या शेतात कापूस वेचायचा. संध्याकाळी बांधावर वजन व्हायचं तेव्हा काट्याजवळ मालकाचा माणूस उभा असायचा आणि वेचणारे लांब. काटा त्यांना दिसायचा नाही, नुसता आकडा ऐकू यायचा. बाप घरी येऊन हातपाय धुता धुता म्हणायचा, गाठोडं त्यापेक्षा जड होतं. आई म्हणायची, जाऊ द्या. तो जाऊ द्यायचा नाही, पण करणार काय? आम्ही भावंडं शिकलो. बहीण शिक्षिका झाली, भाऊ तहसील कचेरीत कारकून झाला, मी या मशीनपाशी आलो. आता काटा माझ्यासमोर असतो आणि लांब उभे राहतात ते दुसरे.

दोनेक वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, असाच एक जण माझ्या मशीनपासून लांब उभा होता आणि तो माझा सख्खा मेहुणा होता. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ.

बायको जैनथजवळच्या एका गावात मराठी शाळेत शिकवते. तिकडची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरच्या इमारतीला स्वस्थ बसू देत नाही. बायकोच्या वर्गाच्या छताखाली जो आडवा बीम होता, त्याला मधोमध तडे गेले. पोरं उचलून गावातल्या बुद्धविहारात बसवली. दुरुस्तीची मंजुरी आली ती अशी की बीमच्या पोटाला लोखंडी पट्ट्या चिकटवायच्या. खिळे ठोकून नाही, चिकटवूनच. आजकाल पूल आणि इमारती अशाच दुरुस्त करतात. दोन डबे येतात, एकात राळ आणि दुसऱ्यात तिला घट्ट करणारं औषध. दोन्ही मिसळून लावायचं, पट्टी दाबायची, खालून टेकू द्यायचे आणि आठवडाभर हात लावायचा नाही. कामावरची माणसं त्याला नुसतं ‘केमिकल’ म्हणतात.

हे काम माझ्या मेहुण्याला मिळालं. त्याआधी बरीच वर्षं त्याने नेरडीगोंड्याकडे हायवेवर दुसऱ्यांच्या हाताखाली काम केलं होतं. स्वतःच्या नावावर घेतलेलं हे पहिलंच. अट एकच होती, केमिकलचा नमुना आमच्याकडे तपासून दाखला घ्यायचा, त्याशिवाय वर्ग उघडायचा नाही. मी इंजिनियर साहेबांना सांगून पाहिलं की कंत्राटदार माझा नातेवाईक आहे, नमुना दुसरीकडे पाठवा. ते हसले आणि म्हणाले, तुमच्याइतका खडूस माणूस दुसरीकडे कुठे शोधू?

ही चाचणी दिसायला अगदी साधी असते. दोन बोटं रुंदीच्या दोन लोखंडी पट्ट्या घ्यायच्या. घासून, पुसून त्यांची टोकं जेमतेम पेरभर एकमेकींवर चढवायची आणि मध्ये केमिकल लावून चिकटवायची. वाळलं की मशीनच्या दोन जबड्यांत दोन टोकं पकडायची आणि ओढायचं. इथे चिकटवलेलं सोलून निघत नाही की उचकटत नाही, जागच्या जागी सरकायला बघतं. सरकताना सुटेपर्यंत किती जोर लागला तो बघायचा, आणि चिकटलेल्या जागेच्या मापाने त्याला भागायचं. पॉलिटेक्निकातली पोरं याला ‘शिअर’ म्हणतात. चांगलं केमिकल एवढ्याशा जागेवर पाचशे किलोच्या आसपास ओढ सहज सोसतं. माझा मात्र आकड्यापेक्षा तुटलेल्या तोंडांवर जास्त विश्वास. दोन्ही पट्ट्यांवर केमिकल फाटून राहिलं असेल तर ते प्रामाणिकपणे लढून तुटलं. एक पट्टी कोरी निघाली तर ते मुळात चिकटलंच नव्हतं, नुसतं चिकटल्यासारखं दाखवत होतं.

मेहुणा डबे घेऊन आला तेव्हा सोबत टोपलीभर सीताफळंही होती. मला ती तिथेच खटकली. आमच्या प्रयोगशाळेत एकच मदतनीस आहेत, तेलुगू बोलणारे, माझ्याहून वयाने मोठे, हाताने फार व्यवस्थित. त्यांनी पट्ट्या घासल्या, तेलकटपणा काढणाऱ्या ॲसिटोनमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने हळुवार पुसल्या, केमिकल मिसळलं, लावलं. मेहुणा शेजारी उभा राहून सगळं बघत होता. मध्ये मध्ये प्रत्येक गोष्टीचं कारण विचारत होता, हे काऊन, ते काऊन. मला वाटलं, एवढी चौकशी कशाला? त्या आठवड्यात त्याने शाळेतल्या पट्ट्याही लावून टाकल्या. दाखल्याची वाट बघ म्हटलं तर म्हणाला, पोरांची परीक्षा जवळ आली, ताई रोज विचारते.

आठवड्याने नमुने ओढले. दोनशे किलोसुद्धा गाठले नाहीत. फट्‌ करून सुटले आणि वरची पट्टी कोरी करकरीत.

कुठेतरी पाणी मुरतंय हे मी तेव्हाच ओळखलं. जुना माल असणार. नाहीतर डब्यावरचं लेबल बदललेलं असणार. मी रिकामा डबा उलटा करून बघितला, लेबलाची कडा नखाने खरवडून बघितली, वास घेतला, मुदतीची तारीख तीनदा वाचली. सगळं ठीक होतं, म्हणून संशय वाढला. इतकं सगळं ठीक कसं असेल? घरी जाऊन बायकोला म्हटलं की तुझ्या भावाने कुठला माल आणला ते नीट विचार. ती पोळ्या लाटत होती. लाटणं तसंच धरून तिने विचारलं,

“माहा भाऊ चोर हाये असं म्हणाचं हाये का तुमाले?”

मी म्हटलं, मी काहीच म्हणत नाही, मशीन म्हणतंय.

“मशीन बोलत नाई,” ती म्हणाली. “तुमी बोलून राह्यले.”

त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. सीताफळं टोपलीतच मऊ पडत गेली, तिने खाल्ली नाहीत आणि मला तर ती खायचीच नव्हती. मला वाईट वाटत होतं. पण वर्ग उघडला की त्या बीमखाली खुर्ची टाकून बसणार होती तीच. भावावर भरोसा ठेवून ती बसली असती. मी कसा बसू देणार?

मेहुण्याला मी नवे डबे आणायला सांगितले, सील न फोडलेले. त्याने आणले. या वेळी फळं नव्हती, आणि मला तेही खटकलं. सील मी स्वतः फोडलं. मदतनिसांनी पुन्हा पट्ट्या घासल्या, पुसल्या, चिकटवल्या. मेहुणा दाराशी हाताची घडी घालून उभा. आठवडा गेला, ओढलं, पुन्हा तसंच. कोरी पट्टी, लाजिरवाणा आकडा. मेहुण्याचा चेहरा उतरला. तो काही न बोलता निघून गेला. चोर असता तर वाद घातला असता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

मग दुसरा कोण? पट्ट्यांना मेहुण्याने बोटही लावलं नव्हतं. हात लागला होता तो मदतनिसांचा. आणि मग मला एकेक आठवू लागलं. बोथ गावाकडचा एक कंत्राटदार, ज्याला हे काम मिळालं नव्हतं, गेल्या महिन्यात आमच्या फाटकाबाहेर दिसला होता. मदतनीस त्याच्याबरोबर चहा पीत होते. त्यांनी पट्ट्यांना चोरून तेल लावलं तर? बोटभर तेल पुरे, वर्षानुवर्षं हेच काम केलेल्या माणसाला ते कळणार नाही असं थोडंच आहे. मी त्यांच्यावर नजर ठेवायला लागलो. ते पट्टी पुसू लागले की मी कपाटात काहीतरी शोधायचं निमित्त काढायचो. त्यांचं पुसणं मला आता जरा जास्तच प्रेमळ वाटू लागलं.

एक दिवस ते जेवायला गेले. टेबलावर त्यांनी नुकत्याच पुसून ठेवलेल्या पट्ट्या होत्या. मी एक उचलून नळाखाली धरली. ही जुनी खूण आहे. लोखंड खरोखर स्वच्छ असेल तर पाणी त्याच्यावर सलग पसरतं. तेलकट असेल तर पाणी तुटतं आणि अळवाच्या पानावर राहतं तसे थेंब उभे राहतात. माझ्या पट्टीवर थेंब उभे राहिले. खरं सांगतो, मला आनंद झाला. चोर सापडला.

पण संशयी माणसाला पुरावा पक्का लागतो. मी दाराला कडी घातली आणि एक नवी पट्टी स्वतः घेतली. स्वतःच्या हाताने घासली. स्वतः ॲसिटोन ओतलं, पोत्यातून कापूस काढला, बोळा केला, पुसली. नळाखाली धरली. थेंब.

खोलीत मी एकटा होतो.

साबणाने हात कोपरापर्यंत धुतले आणि पुन्हा केलं. थेंब. आता कुणावर संशय घ्यायचा तेच कळेना. मग बोळा बाजूला ठेवला आणि पट्टीवर नुसतंच ॲसिटोन ओतून ती तशीच वाळू दिली. नळाखाली धरली तर पाणी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पसरलं, कुठेही तुटलं नाही. मी वळून खिडकीखालच्या पोत्याकडे बघितलं.

आमच्या प्रयोगशाळेत सुरुवातीला औषधांच्या दुकानातल्या कापसाचे निळ्या कागदातले गुंडाळे यायचे. ते कधी संपले ते कुणाला आठवत नाही. नवे मागवावेत असं कुणाच्या मनातही आलं नाही. आदिलाबादेत राहून दुकानातून कापूस विकत आणायचा म्हणजे लोक हसतील. इथे दिवाळीनंतर रस्त्याच्या कडेच्या बाभळींनासुद्धा गाड्यांतून उडालेला कापूस लटकलेला असतो. मदतनीस दर हंगामात भावाच्या शेतातून पोतंभर आणायचे, सरकी काढून. मशीनचं ग्रीस पुसायला, सांडलेलं तेल टिपायला तो उत्तम. चिकटवायचा नमुना आमच्याकडे क्वचितच येतो आणि इतक्यात आलाच नव्हता, त्यामुळे तक्रार करायचं कारणच नव्हतं. पण शेतातल्या कापसाला त्याचं स्वतःचं मेण असतं. बोंड उकललं की दव-पाऊस आत शिरू नये म्हणून ते असतंच. दुकानातल्या कापसाचं ते उकळून, धुऊन काढलेलं असतं. आमच्याकडे प्रत्येक घरात माहीत आहे की हात कापला तर घरचा कापूस लावायचा नाही, तो रक्त पीत नाही. मी मगात पाणी घेतलं आणि पोत्यातली चिमूटभर रुई वर सोडली. ती बसून राहिली, बुडेना. ॲसिटोन त्या रुईतलं मेण विरघळवत होतं आणि आम्ही ते पट्टीवर छान सारखं पसरवत होतो. इतके दिवस आम्ही पट्ट्या पुसत नव्हतो, त्यांना मेण लावत होतो.

मदतनीस जेवून आले तेव्हा दाराला कडी. मी उघडलं. त्यांनी मग बघितला, तरंगणारा कापूस बघितला, नळाखालच्या पट्ट्या बघितल्या. मग त्यांच्या त्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाले,

“सार, आठवडा झाला, तुमी माझ्याकडे बघून राहिले. आता कापसाकडे बघून राहिले. बरं झालं.”

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं, आणि कळूनही ते रोज माझ्यासमोर तशाच हळुवार हाताने पुसत राहिले. दुपारी चहा त्यांनीच आणला, पण कप टेबलावर जरा आपटूनच ठेवला. तेवढा त्यांचा हक्क होता.

त्याच संध्याकाळी औषधांच्या दुकानातून मी धुतलेला कापूस आणला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून मेहुण्याच्याच उरलेल्या केमिकलने नमुने केले, चिकटवण्याआधी प्रत्येक पट्टीवर पाणी सोडून बघितलं. आठवड्याने ओढले. काटा पाचशेच्या पुढे गेला आणि जात राहिला, मग एकदम बंदुकीसारखा आवाज झाला. दोन्ही पट्ट्यांवर केमिकल फाटून राहिलं होतं. मदतनिसांनी तुटलेली तोंडं माझ्यापुढे धरली आणि दोघंही पहिल्यांदा हसलो.

मी बायकोला फोन केला. रात्री जेवणात वांग्याचं भरीत होतं, ते मला आवडतं आणि ती ते रागात कधीच करत नाही. मेहुणा दुसऱ्या दिवशी दाखला न्यायला घरीच आला. सोप्यावर पाय सोडून बसला, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा मोकळा. दस्तखत करून टाका म्हणाला, सोमवारी पोरं वर्गात बसतील. बायकोने चहा ठेवला. मी दाखला पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं. आणि तिथे माझं डोकं पुन्हा फिरलं. पहिला नमुना केला त्या दिवशी हा शेजारी उभा होता. हे काऊन, ते काऊन विचारत होता.

मी पेन तसंच धरून विचारलं, शाळेतल्या पट्ट्या कशाने पुसल्या होत्या?

“कशानं म्हंजे?” तो म्हणाला. “तुमच्या लॅबीत पाह्यलं तसंच. कापसानं. ताईच्या शाळेचं काम हाये म्हणून पह्यल्या येचणीचा आणला, पांढराफेक.”

हायवेवर असताना, त्यानेच सांगितलं, तिथली माणसं लोखंड जुन्या धुतलेल्या लुगड्याच्या चिंधीने पुसायचे. शंभरदा धुतलेली ती चिंधी, तिच्यात मेणाचा अंशही राहिलेला नसतो. पहिल्याच स्वतःच्या कामात त्याने ती गावंढळ पद्धत सोडली. प्रयोगशाळेत बघून आला होता ना, शिकल्या-सवरल्यांची पद्धत. बहिणीचा वर्ग म्हणून हंगामातला सगळ्यात चांगला कापूस त्याने लोखंडाला चोळला होता.

मी टोपण पेनला लावलं. म्हटलं, आता दस्तखत होणार नाही.

त्याला वाटलं मी थट्टा करतो आहे. मग त्याला कळलं आणि तो उभा राहिला. सॅम्पल पास झालं की नाही, त्याने विचारलं. झालं. केमिकल चांगलं आहे की नाही? आहे. मग? मी म्हटलं, सॅम्पल पास झालं कारण आम्ही शेतातला कापूस वापरला नाही. पहिले नमुने खोटे नव्हते. तुझ्या शाळेतल्या पट्ट्या जशा लागल्या आहेत, तेच ते नमुने सांगत होते. तो म्हणाला की तुम्हाला पहिल्या दिवसापासून मला खोटं पाडायचं होतं, आता कापूस मिळाला. मी चिडून म्हटलं की खोटं पाडायचं असतं तर दस्तखत करून मोकळा झालो असतो, छताने पुढचं काम केलं असतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात चहाचं भांडं घेऊन उभी होती. ती भावाची बाजू घेईल असं वाटून मी मनात उत्तर तयार ठेवलं. ती इतकंच म्हणाली की शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, तिघं मिळून जाऊ.

शनिवारी आम्ही जैनथपर्यंत बसने आणि पुढे ऑटोने गेलो. दोन्ही बाजूंना कापूस उभा होता, दुसऱ्या वेचणीला आलेला, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्याच्याकडे रागाने बघत होतो. विहारातून पोरांच्या पाढे म्हणण्याचा आवाज येत होता, दुसऱ्या बाईंनी त्यांना सांभाळलं होतं. वर्गात बीमखाली अजून टेकू होते. पट्ट्या वर छान रांगेत बसल्या होत्या, कडेला केमिकल एकसारखं बाहेर आलेलं, काम बघून कुणीही शाबासकी दिली असती. मेहुणा टेबलावर चढला. टोकाच्या पट्टीखालचा टेकू काढला, छिन्नी कडेला लावली आणि माझ्याकडे एकदा बघून हातोडीने एक घाव घातला.

एकच घाव. पट्टी टणकन सुटून खाली पडली आणि फरशीवर नाचत राहिली.

बायकोने ती उचलली. केमिकल सगळं वर काँक्रीटलाच राहिलं होतं, पट्टीची आतली बाजू घासलेल्या ताटासारखी लख्ख. तिने तिच्यावरून बोट फिरवलं, बोट बघितलं आणि मग वर बघितलं, तिची खुर्ची असते त्या जागेच्या वर.

“हे माह्या डोक्यावर रायलं असतं,” ती भावाला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

तो टेबलावरून उतरला आणि उपड्या घमेल्यावर बसला. मी बरोबर ठरलो होतो आणि मला त्याचं काडीमात्र सुख नव्हतं. त्याची दोन माणसं दारात उभी होती. त्यांच्यादेखत मी म्हटलं की चूक त्याची नाही, त्याने जे बघितलं तेच केलं, आणि दाखवलं ते आमच्या प्रयोगशाळेने. त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. थोड्या वेळाने तो उठला आणि दुसऱ्या पट्टीचा टेकू काढू लागला. सगळ्या काढल्या. एकही दोन घावांपर्यंत टिकली नाही.

पुढचं काम त्याने माझ्याशी न बोलता केलं. जुनं केमिकल घासून काढलं, पट्ट्या पुन्हा घासल्या. जैनथच्या औषध दुकानात होता तेवढा कापूस त्याने उचलला. दुकानदाराला शंका आली, त्याने गावात विचारत फिरून खात्री करून घेतली की कुठे मोठा अपघात झाला नाही. हे मला बायकोने सांगितलं, आणि असंही की तो प्रत्येक पट्टीवर तांब्याने पाणी सोडतो आणि पाणी तुटलं तर कामगारांना ओरडतो. मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, मी रोज मधल्या सुट्टीत जाऊन बघते. इतक्या वर्षांच्या संसारात तिला माझी एवढी सवय तरी लागली.

मुदत झाल्यावर त्याचा फोन आला. या म्हणाला, बाकी काही नाही. मी गेलो. पट्ट्या जागेवर होत्या. बीमच्या भिंतीकडच्या टोकाला, जिथे काही गरज नव्हती, तिथे त्याने वीतभर लांबीचा एक जास्तीचा तुकडा चिकटवला होता. मी विचारलं, हा कशाला?

“तुमच्यासाठी लावला,” तो म्हणाला. त्याच दिवशी, त्याच हाताने, त्याच डब्यातलं. मग त्याने छिन्नी आणि हातोडी माझ्या हातात दिली आणि टेबल सरकवून दिलं. “भरोसा नका ठेवू भाऊजी. तुमीच काढून पाहा.”

मी टेबलावर चढलो. पहिला घाव घातला, काही नाही. दुसरा, तिसरा. छिन्नीची धार मुडपली. खाली बायको, तिच्यामागे मधल्या सुट्टीतली पोरं दारात गोळा झालेली. माझा हात भरून आला, घाम डोळ्यांत गेला, आणि शेवटी तो तुकडा आला, पण एकटा आला नाही. पाठीवर तळहाताएवढं काँक्रीट घेऊन आला. केमिकलने सोडलंच नव्हतं, दगड फाटला होता. मेहुणा वर बघत होता. बायको म्हणाली, झालं समाधान? मी मान हलवली. दाखला खिशात होता. तिथेच तिच्या टेबलावर ठेवून दस्तखत केली, आणि सोमवारी वर्ग भरला.

तो तुकडा मी मागून घेतला. प्रयोगशाळेत मशीनशेजारी ठेवला आहे, मदतनीस रोज त्याच्यावरची धूळ पुसतात, चिंधीने. नमुना घेऊन कुणी आलं की आता मी त्याला लांब उभं राहू देत नाही, काट्यासमोर स्टूल देतो. तो तुकडा हातात घेतला की मला शाळा आठवत नाही, बांधावरचा काटा आठवतो. माझा बाप आयुष्यभर लांब उभा राहून आकडा ऐकत आला. त्याला एकदाही कुणी म्हटलं नाही की ये, तूच तोलून पाहा.